टोपलंभर मोहाचं गाणं

“तुमच्या गाण्यानं आमचा बैल खाल्ला, भाऊजी! आता माणूसबी खाऊन टाका! ताटात वाढून देऊ काय?”

ढोलकीवाल्याची बायको माझ्या अंगणात उभी राहून ओरडत होती. हातात धान कापायचा विळा, पदर कमरेला खोचलेला. तिचा आवाज असा, की तिनं आमच्या गावात “हो” म्हटलं तर अर्जुनी मोरगावच्या स्टेशनावर गार्डानं हिरवी झेंडी दाखवावी. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर गाडी सुटली असंही सांगितलं असतं.

“वैनी, हळू बोला. लोक ऐकून राहिले.”

“ऐकू द्या! सारा गाव ऐकू द्या! धान घरात आला का ते गोंदियाले जाऊन राहिले. राइस मिलमध्ये पोती उचलाले. वावर ठेक्यानं देतो म्हनतेत, उरलेला बैल विकतो म्हनतेत. काल ढोलकी आणून चुलीपाशी ठेवली. मले म्हने, सरपन संपलं का हिले लाव. काऊन झालं हे? कोनामुळं झालं?”

मी गप्प राहिलो. मी गप्प राहणं ही गोष्ट आमच्या गावात इतकी दुर्मिळ होती, की शेजारचे तिघे कुंपणाशी येऊन उभे राहिले. मला काही झालं तर नाही ना, ते बघायला.

तिला अर्धीच गोष्ट माहीत होती. उरलेली अर्धी फक्त मला माहीत होती.

आम्ही दोघं खडी गंमतवाले. खडी गंमत म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला उभ्याउभ्यानं करायचा तमाशा. एक शाहीर, एक ढोलकीवाला, काखेत धरून तार छेडायचं वाद्य वाजवणारा एक चोनकेवाला, झांजा घेतलेले दोघं, आणि लुगडं नेसून नाचणारा एक गडी, ज्याच्या मिशा दर दिवाळीला जात आणि होळीपर्यंत परत येत. शाहीर मी. गाणी मीच रचायचो आणि शंभरातली एकशे दहा खोटी असायची. ढोलकीवाला माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि बोलण्यात महाकंजूष. दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन बैलांशी. त्याचं बाकीचं सगळं बोलणं ढोलकीत होतं. तो वाजवू लागला की ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांचे पाय त्यांना न विचारता हलत.

त्याच्याकडे एक जोडी होती, एक तांबडा आणि एक पांढरा. पांढरा बैल चांगला होता. खरोखर चांगला. पण मला तेवढ्यावर भागत नसे. मी त्याच्यावर गाणं केलं:

धावला पांढरा, फाटला वारा, धुरळा गेला आभाळी
छोट्या गाडीचं इंजिन म्हणे, “दादा, मले सांभाळी!”

यातली आगगाडीची गोष्ट तशी फार खोटीही नव्हती. आमची छोटी गाडी चढावर अशी चालायची, की उतारू खाली उतरून बोरं वेचत आणि खिसे भरले की पुढच्या डब्यात जाऊन बसत. पण गाणं गाजलं. बाजारात, बैलगाड्यांवर, धान रोवायला बांधीतल्या चिखलात उतरलेल्या बायांच्या तोंडी, जिकडे तिकडे तेच. आणि लोक माझ्या मित्राला विचारू लागले, “एवढा बैल हाये, तर पटात काऊन नाही उतरवत गा?”

पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. तो तयार नव्हता. मला म्हणाला, “हा नांगराचा बैल हाये, पटाचा नाही.” चारातलं एक वाक्य त्यानं माझ्यावर खर्च केलं. मी ते वाया घालवलं. महिनाभर मी त्याच्या मागे लागलो. त्याच्या अंगणात, वावरात, तळ्याच्या पाळीवर. शेवटी तो हो म्हणाला, ते बैलासाठी नव्हे, माझं तोंड बंद व्हावं म्हणून.

पटाच्या दिवशी सकाळी तो जोडी माझ्या भरवशावर सोडून तळ्यावर अंघोळीला गेला. आमच्याकडे दमलेल्या बैलाला मूठभर मोह चारतात. मोहाच्या फुलांनी अंगात तरतरी येते म्हणतात. मूठभर. मी घरून टोपलंभर नेला होता, भिजवून फुगवलेला, वर गूळ कालवलेला. पांढऱ्याला गोड आवडायचं. त्यानं टोपलं चाटून पुसून रिकामं केलं आणि वरून विहिरीवर पोटभर पाणी प्याला. मी त्याच्या कपाळावर हात फिरवून म्हणालो, “आता माझ्या गाण्याची लाज राख.”

असं मी म्हणालो. बैलाला.

अर्ध्या धावेपर्यंत पांढरा असा पळाला, की मला माझंच गाणं खरं वाटू लागलं. मग तो हळू पडू लागला. छकड्यावर माझा मित्र होता. चहूकडून लोक माझंच गाणं ओरडत होते. त्यानं तुतारी उचलली. तुतारी म्हणजे टोकाला खिळा बसवलेली काठी. त्या दिवसापर्यंत त्यानं ती नुसती हातात धरलेली होती. त्या दिवशी दोनदा टोचली. बैल दहा हात पुढे गेला आणि खाली बसला. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. दुपारच्या आत संपला.

लोक म्हणाले, तुतारी वर्मी लागली. माझ्या मित्रानं ते मान्य करून टाकलं. तुतारी तळ्यात फेकली. तो उजवा हात पुढे विळ्याला लागला, भाकरीला लागला, शेजाऱ्याचा बैल सावडीनं, आळीपाळीनं आणून चिखलणी करताना नांगराला लागला, पण ढोलकीला लागला नाही. मी एकदा विषय काढला, तर म्हणाला, “ज्या हातानं टोचलं, त्या हातानं वाजवू काय?”

आणि मी, दिवसाला लाख शब्द उधळणारा माणूस, समोर बसून सुपारी कातरत राहिलो. “तुतारीनं नाही, माझ्या मोहानं मेला,” एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर येई आणि मी काहीतरी वाघाची गोष्ट सांगून उठून येई. त्या वर्षात मी जितके वाघ मारले तितके आमच्या साऱ्या जंगलात नव्हते.

माझ्या गळ्यालाही काहीतरी झालं. वरच्या पट्टीत गेलो की आवाज दार लावून घ्यायचा. वैद्यानं ज्येष्ठमध दिला. मी इतका ज्येष्ठमध चघळला, की मी खोकलो तर माशा जमत. गळा काही उघडला नाही.

बैल मेला तेव्हा आमचं गाव मध्य प्रदेशात होतं. छप्पन सालच्या दिवाळीच्या तोंडावर वरच्या वर राज्य बदललं आणि मंडई भरली तेव्हा आम्ही मुंबई राज्यात होतो. गाव जागचं बोटभर हललं नव्हतं. ढोलकीवालाही नाही.

मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. लेकी-जावई येतात, पाव्हणे येतात, गोड शेवेचे आणि बत्ताशांचे ढीग लागतात, आणि भरदुपारी मैदानात दोन गंमतवाल्यांची दुय्यम लागते. दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात. एका शाहिरानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. आमच्या गावची रीत अशी, की उत्तर आलं नाही तर शाहिरानं डोक्याचा फेटा काढून समोरच्याच्या पायाशी ठेवायचा. आणि तो फेटा पुढच्या मंडईपर्यंत परत मिळत नसे. वर्षभर बोडक्यानं फिरायचं.

त्या वर्षी समोर चोरखमारा गावची पार्टी होती. त्यांचा शाहीर सत्तरीचा, दोनच दात उरलेला, पण त्या दोन दातांतून असा आवाज काढायचा की वाटावं बाकीचे तीस दात अडथळाच करत होते. आमच्याकडे ढोलकीला चोनकेवाल्याला उभं केलं होतं. ढोलकी मात्र ढोलकीवाल्याचीच होती, चुलीपासून एका दिवसापुरती मागून आणलेली. तो ढोलकी अशी वाजवत होता, जशी बायका उखळात मिरच्या कुटतात.

ढोलकीवाला आला होता. त्याला यायचंच नव्हतं, पण बायकोचे भाऊ पाव्हणे आले होते आणि मंडईच्या दिवशी पाव्हण्यांना घरात कोंडून ठेवता येत नाही. तो चिंचेखाली आमच्याकडे पाठ करून बसला होता. वैनी बायांच्या घोळक्यात होती. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत विळा होता.

पहिले दोन सवाल मी टोलवले. एकात मी हत्तीला विहिरीतून शेंडीनं ओढून काढला, दुसऱ्यात मी स्वर्गात जाऊन तिथल्या तांदळात खडे निघतात हे सिद्ध केलं. लोक हसले. मग म्हाताऱ्या शाहिरानं तिसरा टाकला. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. त्यानं फक्त माझं गाणं ऐकलेलं होतं:

आगगाडीले हरवून आला, तो बैल कुठं बांधला?
खुंटा रिकामा, दावं रिकामं, शाहीर काऊन खोळंबला?

आमच्या गावची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. पाव्हण्यांना कळेना काय झालं. चिंचेखालची पाठ थोडी ताठ झाली, एवढं मला दिसलं.

उत्तर माझ्याकडे तयार होतं. एक नाही, तीन होती. बैल इंद्रानं मागून नेला. बैल दिल्लीला पाहुणा गेला. बैल आगगाडीलाच जुंपला आहे, म्हणून ती हल्ली वेळेवर येते. तिसऱ्यावर तर मैदान लोळलं असतं. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात आमच्या बाजूच्या एका टवाळानं मदत म्हणून ओरडून सांगितलं, “अबे, मालकानंच टोचून मारला त्याले!”

चिंचेखालचा माणूस उठला आणि घराकडे चालू लागला. वैनीनं पदर तोंडाला लावला.

मला तेव्हा एकच दिसत होतं. हा आता वेशीतून बाहेर पडतो तो थेट गोंदियाला जातो, आणि आज संध्याकाळी ती ढोलकी चुलीत जाते.

मी गाऊ लागलो. काय गातो आहे ते मलाच पुढे पुढे कळत होतं:

खुंटा रिकामा माझ्या पायी, दावं रिकामं माझ्यानं
भिजला मोह टोपलंभर मी चारला माझ्या हातानं
गाणं माझं खरं व्हावं म्हणून त्याले फसवलं
मुकं जनावर माझ्यासाठी पोट फुगून धावलं
तुतारीनं नाही मेला, ढोलकीवाल्या, ऐक गा
तुह्या हाताले रक्त नाही, माझ्या हाताले आहे गा

एवढंच. शाहिरी म्हणून पाहिलं तर सगळा आनंद होता. यमकं लंगडी, चाल अर्ध्यात सोडलेली, आणि मी पुढे कधी सुधारलंही नाही. चोनकेवाल्याचे हात थांबले होते, त्यामुळे शेवटच्या दोन ओळी मी नुसत्या गळ्यावर म्हटल्या, आणि ज्या जागी दहा महिने आवाज अडत होता त्या जागेवरून तो सरळ निघून गेला. ते घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

ढोलकीवाला मैदानाच्या कडेला थांबला होता. मग वळला आणि माझ्याकडे चालत आला. लोकांनी वाट करून दिली. मी दात घट्ट आवळून धरले, कारण त्याचा हात मला माहीत होता. भिजलेल्या ढोलकीतून आवाज काढणारा हात तो. गालावर बसला असता तर मी गोंदियाला त्याच्या आधी पोचलो असतो.

तो माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, “किती चारला?”

“टोपलंभर.”

“भिजवलेला?”

“हो. गूळ घालून.”

त्यानं मान हलवली. बैल का बसला, पोट का फुगलं, तो हिशेब त्याच्या डोक्यात दहा महिने जुळत नव्हता तो तिथं उभ्याउभ्या जुळताना मला दिसला. तो चोनकेवाल्याकडे वळला.

“आन इकडं. मघापासून मिरच्या कुटून राहिला.”

ढोलकी गळ्यात घातली, दोऱ्या ताणल्या, कान लावून पाहिलं, पुन्हा ताणल्या. सगळं मैदान त्याच्या दोऱ्या ताणण्याकडे पाहत होतं. पहिले चार-दोन ठेके चुकले. मग लागला. त्यानंतर किती वेळ वाजवलं ते मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि माझ्या बाबतीत ते बरोबरच आहे. गाणं कुणीच म्हणत नव्हतं. नाच्यासुद्धा उभा होता. ढोलकीवाला घामानं निथळत होता आणि तोंडावरचं पाणी पुसत नव्हता, त्यामुळे त्यात घाम किती ते सांगता येत नाही.

समोरच्या म्हाताऱ्या शाहिरानं स्वतःचा फेटा काढला आणि माझ्या पायाशी ठेवला. मी म्हणालो, “बाबाजी, उत्तर तर दिलं ना मी? मग फेटा कायले काढता?” तो म्हणाला, “याच्यापुढं सवाल नाही सुचत गा मले.”

आता पुढची गोष्ट. मला वाटलं होतं, गावातलं माझं नाव गेलं. दुसऱ्या दिवशी मी घरात लपून बसलो. तर सकाळी एक म्हातारा आला, पानाला चुना मागायच्या निमित्तानं. चुना घेतला आणि बसून राहिला. मग म्हणाला, वीस वर्षांमागं त्यानं आजारी बैलाला चिखलणीत जुंपलं होतं, एक दिवस उरला होता म्हणून, आणि तो बांधीतच मेला. घरी त्यानं साप चावला असं सांगितलं होतं. दुपारी दुसरा आला. संध्याकाळी दोघं. त्या मैदानात बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या पोटात एकेक बैल बसलेला होता, आणि ते सगळे माझ्या ओट्यावर बांधायला आणत होते. आठ दिवसांत माझ्या अंगणात एवढे मेलेले बैल जमले की खऱ्या बैलाला वळायला जागा नव्हती.

हे सगळं ठीक होतं. ते मी मजा करून सांगू शकतो. पण एक म्हातारी आली, तिची नाही करता येत. गावाच्या टोकाला एकटी राहायची. सुपात पोहे घेऊन आली, ओट्याखालीच बसली. म्हणाली, तिच्या पहिल्या पोराला ताप होता आणि वैद्यानं काही खायला देऊ नको म्हणून सांगितलं होतं, पण पोर भुकेनं रडत होतं म्हणून तिनं त्याला भात भरवला. “चार घास,” म्हणाली. “पोट भरलं तसा हसला माझ्याकडं पाहून. सकाळी नव्हता.” नवऱ्याला तिनं कधी सांगितलं नाही. नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

मी तिला काय म्हणणार? मी म्हणालो, “माय, यावर गाणं करू काय?”

तिनं थोडा विचार केला. “कर,” म्हणाली. “पन हसला होता, ते ठेवजो.”

ते गाणं मी केलं. त्यात एकही हत्ती नाही. तिच्या दारात बसून तिला एकदाच ऐकवलं, ढोलकीवाला हळू ठेका धरून होता. ती सुपानं धान पाखडत ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर म्हणाली, “चहा घेता काय रे?” आणि त्या दिवसानंतर मंडईला, भजनाला, पोळ्याला ती बायांत येऊन बसू लागली. तिनं माझं गाणं ऐकलं म्हणून, की तिनं ते मला सांगितलं म्हणून, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. गाणी मी त्यानंतरही खोटी खूप केली. लोकांना हसायलाही पाहिजेच. पण प्रत्येक मंडईत एक तरी गाणं असं ठेवायचो, ज्यात मला काही वाढवता येऊ नये. ते म्हणताना गळा आपोआप मोकळा व्हायचा, आणि ज्येष्ठमधवाल्या वैद्यानं माझ्याशी बोलणं सोडलं.

हे सगळं नंतरचं. मंडईच्या त्या दुपारी गंमत आटोपल्यावर मी आणि ढोलकीवाला बांधीच्या धुऱ्यावरच्या पायवाटेनं घराकडे चाललो होतो. तो पुढे, मी मागे. दोन्ही बाजूंना धान पिकून वाकला होता. वैनी पाव्हण्यांबरोबर कधीच पुढे गेली होती आणि दूरवरून तिचा आवाज येत होता. भावांना काहीतरी सांगत होती, म्हणजे ओरडत होती, पण त्यात आज विळा नव्हता.

ढोलकी त्याच्या खांद्याला होती. मी बराच वेळ गप्प चाललो. आयुष्यातला तो दुसराच प्रसंग. शेवटी न राहवून विचारलं, “राग हाये काय गा?”

“हाये.”

आम्ही आणखी चार बांध्या ओलांडल्या.

“मग गोंदियाले कधी जाऊन राहिला?”

तो थांबला. ढोलकी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. त्याचं त्या दिवसाचं बोलणं मैदानातच खर्च होऊन गेलं होतं, त्यामुळे हे त्यानं उद्याच्यातून उसनं काढलं असावं.

“येत्या बाजारी तांबड्याले जोडीदार पाहाले जाचं हाये,” तो म्हणाला. “तू ये. पन त्याले काही चारू नको.”